काका, लास्ट किती?

कोल्हापूरहून आलेलं पत्र, थोडं आखडून:

"मी कोल्हापूरचा, वय 59. 1995 पासून 2009 पर्यंत रॅली, ऑटोक्रॉस (मैदानात शंकू मांडून, वेळ मोजून होणारी शर्यत), आणि खिशात पैसे असले की चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, असा फिरलो. आधी जिप्सी, मग एस्टीम. गाड्या विकल्या, पार्ट राहिले. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं शॉप होतं, त्यामुळे निम्मं काम घरचंच. आता आमचं जुनं घर पाडून तिथं अपार्टमेंट होतंय, एप्रिलअखेर जागा मोकळी करून द्यायची आहे. माळ्यावर आणि मागच्या खोलीत मिळून 36 खोकी आहेत, शिवाय सुटे अलॉय, रेसिंगच्या दोन बकेट सीट, एक गिअरबॉक्स. सौ. म्हणते, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. जुने पार्ट विकणारा एक जण पंधरा मिनिटांत बघून गेला, ‘सगळं मिळून 70 हजार, आज टेम्पो लावतो’ म्हणाला. उक्तं द्यावं की सुटं विकावं? बिल एकाचंही नाही, मग किंमत कशी धरायची? गल्लीतला 22 वर्षांचा एक पोरगा त्याच्या स्विफ्टसाठी फ्री-फ्लो (मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट पाइप), बकेट सीट आणि हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) मागतोय. त्याला द्यावं का? आणि एका मित्रानं 2004 साली ‘ठेव रे जरा’ म्हणून टाकलेला जिप्सीचा इंजिन ब्लॉक पडून आहे. मित्राचा पत्ता नाही. त्याचं काय करू? यादी जोडली आहे. — माजी नादखुळा"

अहो नादखुळे,

आधी तो ‘माजी’ खोडा. इतकी वर्षं 36 खोकी जपणारा माणूस माजी नसतो.

आता त्या 70 हजारवाल्याचं बघू. त्याला फोन करा, पण नाही म्हणू नका. ‘घरात विचार चाललाय’ एवढंच सांगा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उरलंसुरलं उचलायला तोच लागणार आहे, त्याला आत्ताच दुखवायचं कशाला. पण आज टेम्पो लावू देऊ नका. पंधरा मिनिटांत 36 खोकी बघून होत नाहीत. त्याची नजर दोन-तीन जिनसांवर थांबली असणार, त्यांचा भाव त्यानं मनात धरला आणि बाकीचा ढीग वजनावर मोजला. त्यात लबाडी काही नाही, त्याचा धंदाच तो आहे. माझं म्हणणं एवढंच की त्याला जे पंधरा मिनिटांत दिसलं, ते तुम्हाला या घडीला दिसत नाहीये. तुमच्या यादीत ‘खोकं 11: कार्बोरेटर वगैरे’ असं लिहिलंय. त्यातल्या ‘वगैरे’मध्येच त्याचे पैसे सुटतात.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, माती खाऊन सांगतोय. पुण्यातलं माझं वर्कशॉप बंद केलं तेव्हा मीही उक्ताच सौदा केला होता. मालकाला जागा परत द्यायची होती, पाऊस तोंडावर आला होता, म्हटलं जाऊ दे. माल गेल्यावर चार दिवसांनी टेबलाचा खालचा खण साफ करताना एक इनटेक मॅनिफोल्ड आणि थ्रॉटलची जोडदांडी हाताला लागली. ज्या दोन साइडड्राफ्ट कार्बोरेटरसाठी ती बनवून घेतली होती, ते दोन्ही कार्बोरेटर टेम्पोतून गेले होते. त्या माणसाला फोन केला, तोवर त्यानं ते दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकून टाकले होते. म्हणजे एक कार्बोरेटर एकाकडं, दुसरा दुसऱ्याकडं, मॅनिफोल्ड माझ्याकडं आणि तिघांपैकी कोणाच्याही गाडीला ते लागत नाही. ती दांडी अजून माझ्या घरात आहे. बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

तेव्हा सुटंच विका, पण ‘सुटं’चा अर्थ एकेक नट वेगळा असा नव्हे. एकमेकांशिवाय ज्यांना किंमत नाही, त्यांच्या आधी जोड्या लावायच्या. कार्बोरेटरबरोबर त्याचं मॅनिफोल्ड, दांडी, जेट, हॉर्न. हेडर, म्हणजे इंजिनाला लागून असलेले एक्झॉस्टचे पाइप, त्याबरोबर त्याची गॅस्केट आणि पुढचा पाइप. गिअरबॉक्सबरोबर त्याला बसणारा फ्लायव्हील आणि क्लच. बाहेरून बसवलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, असेल तर त्याचं वायरिंग आणि मॅपचा (त्यातल्या सेटिंगचा) पासवर्ड. पासवर्ड हरवला असेल तर तो डबा पेपरवेट म्हणून बरा. पहिला महिना एवढंच काम करा. जाहिरात नको, फोन नको, फोटो नको. रोज संध्याकाळी दोन खोकी उघडायची, वही घेऊन बसायचं. एकट्यानं बसू नका. त्या काळात तुमच्या गाडीखाली झोपलेला मेस्त्री किंवा शेजारी बसलेला नॅव्हिगेटर हयात असेल तर त्याला चहाला बोलवा. कोणती वस्तू कुठल्या गाडीतून कोणत्या साली निघाली हे दोघांच्या आठवणीतून जितकं बाहेर पडतं, तितकं एकाच्या डोक्यातून पडत नाही. भांडणं होतील, ती होऊ द्या.

तुमच्या यादीत माझी नजर कुठं थांबली सांगू? खोकं 4 आणि 5. त्यावर तुम्ही लिहिलंय ‘ओरिजिनल काढलेले – फालतू’. सगळा माल विकून झाला की या दोन खोक्यांनी तुम्हाला सगळ्यात जास्त चकित केलेलं असेल, असा माझा अंदाज आहे. त्या काळी आपण काय केलं? नवी गाडी घरात आली की आठवड्यात मूळचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढला, एअर फिल्टरचा डबा काढला, स्टीअरिंग काढलं, लोखंडी चाकं आणि त्यांचे कॅप काढले, म्हणजे जवळजवळ कोऱ्या वस्तू खोक्यात गेल्या. एस्टीम आणि जिप्सी दोन्ही आता बाजारात नव्या मिळत नाहीत. आज कुणी वडिलांची एस्टीम पहिल्यासारखी उभी करतोय, कुणी लष्कराच्या लिलावातली जिप्सी घेऊन बसलाय, आणि त्या सगळ्यांना हवाय तो एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा, क्लिपांसकट. फ्री-फ्लो पाइप आजही कुठलाही सायलेन्सरवाला वाकवून देतो, तो डबा कुणी बनवून देत नाही. शिवाय 15 वर्षं झालेली गाडी नोंदणी वाढवून घ्यायला आरटीओत न्यायची तर ती मूळ रूपात असलेली बरी, म्हणून मूळ सायलेन्सरही शोधणारे आहेत. तेव्हा ‘फालतू’ खोडा आणि त्या खोक्यांतली एकही क्लिप हरवू देऊ नका.

आता परफॉर्मन्सच्या मालाकडं. इथं किंमत लोखंडाला नसते, माहितीला असते. ‘एस्टीम रेसिंग कॅम, चांगल्या कंडिशनमध्ये’ एवढं लिहिलंत तर तो चांगला नाही असंच समोरचा समजणार. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घ्या, कापडानं पुसा, लोबवरून (त्याच्या उंचवट्यावरून) अंगठ्याचं नख फिरवा. नख कुठं अडलं तर तिथं खड्डा पडलाय, ते लिहा. मग व्हर्नियरनं लोबची उंची मोजा, त्यातून त्याच लोबची आडवी रुंदी वजा करा. आला तो लिफ्ट. (फार तापट कॅमला हा हिशोब थोडा चुकतो, कारण आडव्या मापातही लोबची बाजू येते. घेणारा जाणकार असेल तर त्याला कळतंच.) तुमच्या घरात व्हर्नियर नाही असं उद्यमनगरच्या माणसानं मला सांगू नये. हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) असेल तर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज सारा. 0.05 मिलिमीटरची पात शिरली तर फेसिंग (घासून सपाट करणं) लागेल, तसं सांगून टाका. आणि एस्टीमचं हेड म्हणजे कोणतं तेही, जुनं कार्बोरेटरवालं 8 व्हॉल्व्हचं की नंतरच्या एमपीएफआयचं (पेट्रोल इंजेक्शनचं) 16 व्हॉल्व्हचं. इंजिन 1298 सीसीचंच दोन्हीकडं, पण एकाचा कॅम दुसऱ्याला चालत नाही. यादीत तुम्ही नुसतं ‘हेड – 2’ लिहिलंय.

गिअरबॉक्स क्लोज-रेशो, म्हणजे एकमेकांच्या जवळच्या गिअरचा, आहे म्हणता. खोललेला असेल तर दात मोजा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे फायनल ड्राइव्ह. समजा क्राउनला 73 आणि पिनियनला 16 भरले, तर 4.56. हा एक आकडा जाहिरातीत आला की ‘काका, टॉप किती जाते?’ विचारणारी मंडळी गळतात आणि ज्यांना तो खरोखर हवा आहे ते फोन करतात. खोललेला नसेल तर निव्वळ विकण्यासाठी खोलू नका. इनपुट शाफ्ट एका फेरीनं फिरवून, आउटपुट किती फिरतो हे प्रत्येक गिअरमध्ये खडूची खूण करून बघता येतं. वेळखाऊ आहे, पण नातवाला कामाला लावा, त्याला आवडेल.

खोकं 11 मधल्या वेबरबद्दल, म्हणजे वेबर कंपनीच्या कार्बोरेटरबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण बाहेरच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी तेच हवे असणार. वरच्या बाजूला ‘40 डीसीओई’ आणि पुढं एक आकडा कोरलेला असतो. त्या खाचांवरून पांढरा खडू घासा, बोटानं पुसा, अक्षरं उठून दिसतील, मग फोटो काढा. जुने इटलीत बोलोन्याला बनलेले, नंतरचे स्पेनचे, आणि अलीकडं नकलाही भरपूर आहेत, म्हणून माहितगार माणूस पहिल्यांदा त्या अक्षरांचाच फोटो मागतो. आतल्या व्हेंच्युरीवर मिलिमीटरमधला आकडा असतो, तोही टिपा. थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खुळखुळला तर बेअरिंग किंवा बॉडी झिजलीय. हे सगळं करा, पण एक करू नका: चमकवू नका. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश इथवर ठीक. त्यापुढं बफिंग नको, सॅंडब्लास्ट नको, आणि देवाशपथ, चांदीचा रंग तर मुळीच नको. रंग मारलेली जुनी वस्तू दिसली की घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, याखाली भेग कुठं आहे?

अलॉयचं माप नक्की घ्या. मागच्या बाजूला रुंदी आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) कोरलेला असतो. समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर म्हणजे चार बोल्टच्या चाकाचा पीसीडी. हे ‘साधारण’ मोजायचं काम नाही. फियाट पॅलिओचा पीसीडी 98 आहे आणि होंडा सिटीचा 100. दोन मिलिमीटरचा फरक. चाक हातानं बसतं, नटही लागतात, पण मध्यावर येत नाही, आणि हायवेला नट सैल होतात. जिप्सीची पाच बोल्टची 139.7 ची चाकं मात्र या चार बोल्टवाल्यांशी घोळत नाहीत. चाक सिमेंटच्या कोब्यावर घरंगळत सोडून बघा, वेडंवाकडं पळालं तर वाकलंय. वेल्डिंग केलेलं चाक विकू नका, भंगारात टाका, आणि टाकण्याआधी घण मारून तोडा, म्हणजे पुढं कुणी ते विकणार नाही.

ओघानं आलंच आहे तर घण आणखी कुठं चालवायचा तेही सांगतो. हार्नेस. त्याच्या पट्ट्यावर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं लेबल असतं आणि त्यावर कुठल्या वर्षानंतर तो वैध नाही ते छापलेलं असतं. तुमचे 2009 च्या आधीचे आहेत, म्हणजे मुदत कधीच उलटली. धागा वरून धडधाकट दिसतो, पण उन्हानं, घामानं, वयानं आतून मेलेला असतो. हार्नेस कात्रीनं मधोमध कापा. हेल्मेट असेल तर तेही कुणाला देऊ नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1409 म्हणजे 2009 चा चौदावा आठवडा. त्यात रबर कितीही उरलं असलं तरी त्यावर आता झाडाची कुंडीच ठेवायची. बकेट सीटची एफआयए मुदतही गेली असणार, त्यामुळे स्पर्धेआधीच्या तपासणीत (स्क्रूटिनीत) ती पास होणार नाही. शेल फायबरचं असेल तर केसासारख्या भेगा बघा. सीट धड असेल तर सिम्युलेटर बनवणारी हौशी मुलं हल्ली अशा जुन्या सीट घेतात. टीव्हीसमोर बसून गाडी चालवायची, तिथं मुदत कोण विचारतंय! जाहिरातीत स्पष्ट लिहा: गाडीत लावण्यासाठी नाही.

म्हणजे गल्लीतल्या पोराचं उत्तर निम्मं इथंच झालं. हार्नेस नाही, सीट नाही. राहिला फ्री-फ्लो. कायदा आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणीत जी गाडी आहे आणि कंपनीनं जशी ती बनवली आहे, तिच्यात मनमानी फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठाशीव शब्दांत सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ खाली मालकाला दर फेरफारामागं 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात विकणाराही आहे: सरकारनं सुरक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले पार्ट नियमात बसत नसताना विकले, तर नगामागं एक लाख दंड आणि एक वर्षापर्यंत कैद इथवर मजल जाते. तुमचा 20 वर्षांपूर्वीचा पाइप विकल्याबद्दल उद्या कुणी दारात येईल असं मी म्हणत नाही. पण ब्रेक, स्टीअरिंग, सीटबेल्ट या खात्यातला रेसिंगचा माल रस्त्यावरच्या गाडीसाठी विकू नका, आणि रेसिंगच्या बाकीच्या मालावर ‘फक्त मोटरस्पोर्टसाठी’ असं लिहून विका.

आता कायदा बाजूला. एस्टीमचा हेडर स्विफ्टला तसाच बसत नाही, हे त्या पोराला माहीत नाही, यावरूनच तो कितपत तयारीत आहे ते कळतं. त्याला पाइप नकोय, आवाज हवाय. तुम्हाला, मला, सगळ्यांनाच त्या वयात तोच हवा होता. तुम्ही त्याला पाइप विकलात तर रात्री अकरा वाजता रंकाळ्यावरून तो आवाज काढत जाईल आणि गल्ली तुमच्या नावानं बोटं मोडेल. त्यापेक्षा त्याला तुमच्या 36 खोक्यांवर बसवा. खोकी उचलायला तुम्हाला तरणे हात हवेतच. महिनाभर मापं घेईल, फोटो काढेल, दात मोजेल, हात काळे करेल. बदल्यात चार स्पॅनर, एक टायमिंग लाइट, आणि पुढच्या ऑटोक्रॉसला तुमच्याबरोबर जायचं. मैदानात शंकू मांडून चालवायला शिकला की रंकाळ्याचा नाद आपोआप कमी होतो. अर्थात तो टिकेल याची हमी नाही. माझ्याकडं अशी पाच पोरं आली, त्यातली दोन टिकली.

किंमत. तुम्ही तेव्हा काय मोजलं ते विसरा, त्या बिलाशी घेणाऱ्याला कर्तव्य नाही. माझा आपला ठोकताळा असा: तीच वस्तू आज नवी मिळत असेल तर जुनीला नव्याच्या निम्म्याहून कमी, आणि मुदतीची वस्तू नसेल तरच. जी आज नवी मिळतच नाही, तिची किंमत तुम्ही ठरवायची नाही, घेणाऱ्यांना ठरवू द्यायची. अशा वस्तूला जाहिरातीत जरा चढाच आकडा टाका, दोन आठवडे थांबा. कुणीच फोन केला नाही तर आकडा चूक, पहिल्या तासात चौघांनी केला तरीही चूक. आणि घरच्या लेथवर बनवलेला माल, म्हणजे स्ट्रट ब्रेस, माउंटिंग, तो फार भावात जाणार नाही याची मनाची तयारी ठेवा. काम कितीही सुबक असलं तरी नावाचा शिक्का नाही. वडिलांच्या हातचं काही असेल तर ते विकूच नका, चार किलोच्या लोखंडानं नवा फ्लॅट भरून जात नाही.

गिऱ्हाईक कोल्हापुरात शोधू नका. आहेत तिथं दर्दी, पण त्यांच्या माळ्यावरही तुमच्यासारखीच खोकी आहेत. आपल्या देशात ट्रॅकचं काम दक्षिणेत वाढलं. आधी चेन्नईजवळ शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी, मग इरुंगट्टुकोट्टई, मग कोइम्बतूरचा करी स्पीडवे. गाड्या बांधणारे हातही तिकडंच स्थिरावले. तेव्हा क्लोज-रेशो गिअर आणि कॅम चेन्नई, कोइम्बतूर, बेंगळुरूकडं दाखवा. त्या काळात ज्यांच्याशी पॅडॉकमध्ये टॉर्क रेंच देवाणघेवाण केली, त्या जुन्या मंडळींना आधी फोन करा. जाहिरातीपेक्षा ते दहा फोन जास्त माल हलवतील. मूळ पार्टांची खोकी मात्र पुण्या-मुंबईत विका, जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे तिथं आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात स्वतः माल घेऊन जाऊ नका. तिथं घ्यायला जायचं असतं, विकायला गेलात की तुमचा भाव तुमच्या दमलेल्या चेहऱ्यावरून ठरतो.

जाहिरात टाकल्यावर पाच मिनिटांत पहिला संदेश येईल: ‘काका, लास्ट किती?’ वस्तू काय आहे हेही त्यानं वाचलेलं नसतं. चिडू नका. ‘लिहिलीय तीच, कधी बघायला येता?’ एवढं उत्तर पुरे. दहातले नऊ इथंच गप्प होतात. दहावा जर विचारेल की ‘स्पिंडलला प्ले आहे का?’, म्हणजे तो खुळखुळतो का, तर खुर्ची सरसावून बसा, तो घेणारा आहे. त्याला दोन पैसे कमी करायलाही हरकत नाही. मात्र न बघता, न घासाघीस करता लगेच ‘पाठवतो पैसे’ म्हणणाऱ्यापासून सावध. मी लष्करात आहे, लांब पोस्टिंग आहे, माझा माणूस उचलून नेईल, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, ही कथा आता इतकी जुनी झाली तरी रोज कुणीतरी फसतंच. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमचे जाणार. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेत जमा दिसल्याशिवाय खोकं दाराबाहेर काढू नका. घरचा पत्ता आणि खोल्यांचे फोटो जाहिरातीत नकोत. माळ्याचा एकत्र फोटो टाकलात तर चोरालाही यादी मिळते.

बाहेरगावी माल ट्रान्सपोर्टनं जाईल. तुमचं गाव पुणे–बेंगळुरू हायवेवर आहे, गाड्यांची वाण नाही. भाडं ‘टू-पे’ ठेवा, म्हणजे उतरवून घेणारा देईल, आणि बिल्टीचा फोटो त्याला लगेच पाठवा. गिअरबॉक्समधलं तेल पूर्ण निथळू द्या, दोन रात्री उलटा-सुलटा ठेवा, नाहीतर वाटेत तेल गळून शेजारच्याच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर जातं आणि भरपाई तुमच्या गळ्यात पडते. हेडरची फ्लॅंज वाकते, म्हणून फ्लॅंजला प्लायवूडची फळी बोल्टनं आवळून मगच बारदानात बांधा. कार्बोरेटरची तोंडं चिकटपट्टीनं बंद करा. बांधण्याआधी वस्तू फिरवून, आवाजासकट, मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ घ्या. आणि दोष आधीच लिहून कळवा. ‘सेकंडला टाकताना किंचित आवाज येतो’ हे वाक्य लिहिल्यानं दोन हजार कमी मिळतील. न लिहिल्यास कोइम्बतूरहून रोज रात्री एक फोन येईल, तोही तमिळमध्ये.

घरातलं जुनं सामान एकदा विकून टाकणं वेगळं, आणि हातात पैसा खेळू लागल्यावर इतरांचं घेऊन विकत राहणं वेगळं. दुसऱ्या वाटेला लागलात, आणि तुमच्यासारखे लागतातच, तर आधी सीएला विचारा.

आता तो ब्लॉक. त्यावर इंजिन नंबर कोरलेला असतो आणि कुठल्यातरी गाडीच्या आरसीवर तोच नंबर आहे. पुसून बघा. नंबर घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला तर तो विकायचा विचार सोडा, वकिलाला विचारून मगच त्याला हात लावा. नंबर शाबूत असेल तरी तो तुमचा नाही, मित्राचा आहे, आणि मित्राकडं तो कुठून आला हे तुम्हाला ठाऊक नाही. ती गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली निघाली तर ‘ठेव रे जरा’ या तीन शब्दांवर पोलीस समाधान मानत नाहीत. मित्राचा भाऊ, जुना ऑफिसचा पत्ता, क्लबमधले जुने सोबती, कुठून तरी माग काढा आणि आरसीची प्रत मागा. कागद मिळाला तर त्याच्या सहीच्या चिठ्ठीनिशी विका आणि पैसे त्याला पाठवा. नाही मिळाला तर 70 हजारच्या सौद्यातसुद्धा तो ब्लॉक घालू नका. बेनामी लोखंड टेम्पोत चढलं की त्याचा शेवटचा ठावठिकाणा म्हणून तुमचं दार राहतं.

वहिनींना सांगा, त्यांचं तीसएक टक्के बरोबर आहे. 36 खोक्यांतली दहा-बारा खरोखर भंगाराचीच आहेत: झिजलेले रबर बुश, अर्धवट गॅस्केटचे सेट, गळके डँपर, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या केबली. ती पहिल्याच रविवारी त्यांच्यासमोर बाहेर काढा. घर हललेलं दिसलं की उरलेल्या खोक्यांना त्या एप्रिलपर्यंत मुदत देतील. आणि आलेले पैसे घरखर्चात विरघळू देऊ नका, त्यातून नव्या घरात त्यांना हवी असलेली एक वस्तू घ्या, म्हणजे पुढचं खोकं विकायला त्याच तुमच्या मागं लागतील.

यादीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहिलंय: ‘पितळी गोल डबी, आत जेट असावेत, झाकण अडकलंय.’ ती पकडीनं पिळू नका, डबीचा आकार जाईल. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग कोरड्या फडक्यानं फिरवा. आतल्या प्रत्येक जेटच्या डोक्यावर बारीक आकडा असेल, 115, 120, 135 असा. भिंगातून वाचून मला कळवा. वेबरचे निघाले तर ती डबी खोकं 11 मध्ये जाते, वेगळी विकायची नाही.